बाजूची भिंत

"थांब, थांब. फोन जरा उजव्या हाताक फिरव," दत्ताराम म्हणाला. "आणखी थोडो. ह्यां काय?"

"खय?"

"भिंतीत. मदीच. मोकळां सोडल्यासारखां दिसता माका."

फोनवर आधी रामूचा अंगठा आला, मग आभाळ आलं, मग एक माड आडवा झालेला दिसला. "दादा, आवाज तुटता हा तुझो. हय रेंज नाय. मगे करतंय," रामू म्हणाला आणि फोन बंद पडला.

रेंज नाही म्हणे. चिऱ्यांची रास दाखवताना रेंज होती, विहीर दाखवताना होती, गवंड्याची पानाची पिशवीसुद्धा दाखवून झाली, आणि नेमकी भिंतीपाशी आल्यावर गेली. दत्तारामने फोन पालथा ठेवला. फोन उघडा राहिला की पलीकडचा माणूस ऐकत बसतो, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

त्याच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता. डॉक्टरांनी महिनाभर ऊन, धूळ आणि प्रवास बंद सांगितलेला. काळाचौकीच्या चाळीत, तिसऱ्या माळ्यावरच्या खोलीत काळा चष्मा लावून तो बसून होता, आणि तिकडे मालवणच्या अलीकडे त्याचं घर उभं राहत होतं, चुलतभाऊ रामूच्या भरवशावर. भरवसा हा शब्दच मुळात दत्तारामला आवडत नसे.

"कुठेतरी पाणी मुरतंय," तो म्हणाला.

दाराशी तांदूळ निवडत बसलेल्या दर्शनाने मान वर केली नाही. "अजून कौलं चढली नाहीत तर पाणी कुठून मुरणार?"

"मस्करी नको करू. भिंतीत भोक सोडलंय त्याने. माझा चिरा वाचवतोय आणि स्वतःच्या गोठ्याला लावतोय. तू काय बोलत नाय?"

"मी काय बोलू? तुमचं घर, तुमचा भाऊ."

फोन चालू असताना बायकोचा सुपातला हात थांबला होता. फोन बंद झाल्यावर तो पुन्हा चालू झाला, आणि जरा जास्तच भरभर. एका डोळ्याने का होईना, दत्तारामने ते बघितलं आणि मनात ठेवलं.

त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. माणसाची उमर ज्यात जाते तेच त्याच्या अंगात मुरतं, आणि दत्तारामची उमर गेली ती दुसऱ्यांचे खिसे चाचपण्यात. संपानंतर तो गिरणीत लागला तो दारावर, झडतीला. पाळी सुटली की कामगार हात वर करून रांगेने यायचे आणि हा काखेपासून पोटऱ्यांपर्यंत हात फिरवायचा, जेवणाचा डबा उघडायला लावायचा. पोटाला कापड गुंडाळून नेणारा माणूस श्वास जपून घेतो, हे तो तिथे शिकला. पुढे गिरणी गेली, तिथे टॉवर आला, आणि दत्ताराम पुन्हा दारावरच. खाकी जाऊन निळी वर्दी आली, डब्यांऐवजी गाड्यांच्या डिक्या उघडायच्या, एवढाच फरक. चोरी काही रोज सापडत नसे. पण आज सापडली नाही म्हणून उद्या सापडणार नाही असं कुणी सांगावं?

घराबाहेर पडताना तो कुलूप लावून ओढून बघायचा, जिन्याच्या पहिल्या वळणावरून परत यायचा आणि पुन्हा ओढून बघायचा. दर्शना खाली उभी राहून वैतागायची. "एक दिवस कुलूप तुटेल, पण तुमचा संशय काही तुटायचा नाय," ती म्हणायची. ह्यावर तो म्हणायचा की अजून आपल्या घरात चोर शिरला नाही तो का, ते बघ.

वर्दी उतरल्यावर त्याने एकच गोष्ट मनाशी धरली होती. म्हातारपण गावाला काढायचं, स्वतःच्या घरात. आजोबा ह्याच खोलीत खोकत गेले, वडीलही ह्याच खोलीत गेले, दोघेही 'पुढच्या वर्षी गावाक घर बांधूया' म्हणत गेले. दत्तारामच्या हिश्श्याला रामूच्या घराशेजारी जमिनीचा एक तुकडा आला होता. फार मोठं नको, दोन माणसांचं घर. पुढे पडवी, मधे खोली, मागे स्वयंपाकघर, तांबड्या चिऱ्याच्या भिंती आणि वर कौलं. इंजिनीयर वगैरे त्याने लावला नाही. इंजिनीयर म्हणजे पैसे घेऊन फसवणारा माणूस, त्यापेक्षा आपण फुकट फसलेलं काय वाईट?

नकाशा त्याने स्वतः काढला, आणि तोही कागदावर नाही. चाळीच्या चौकात, जिथे गणपतीचा मंडप पडतो तिथे, एका रविवारी सकाळी टेप आणि खडू घेऊन तो ओणवा झाला आणि त्याने अख्खं घर जमिनीवर आखलं, खरोखरीच्या मापाचं; हेच पुढे गावी जाऊन तो रामूला आखून देणार होता. माणसं गॅलऱ्यांत येऊन उभी राहिली.

"काय दत्ताराम, ह्या वयात लंगडी मांडलीस?" दुसऱ्या माळ्यावरून बाबुराव ओरडला.

"घर आहे ते. खाली येऊन बघ. आत येताना चपला काढ."

बाबुराव खाली आला आणि त्याने खरंच चपला काढल्या. खडूच्या दारातून आत शिरून इकडेतिकडे बघून म्हणाला, "हे तर तुझ्या खोलीसारखंच दिसतंय रे. पुढे दार, दाराशेजारी खिडकी, मागे मोरी, मोरीवर खिडकी. तीच खोली, फक्त फुगलीय."

"मग? चांगल्या खोलीसारखीच खोली असणार," दत्ताराम खूश होऊन म्हणाला.

मग दर्शना आली. ती खडूच्या स्वयंपाकघरात गेली, ओटा जिथे येणार तिथे उभी राहिली आणि बाजूच्या रेषेकडे बघत राहिली.

"इकडे काय?" तिने विचारलं.

"भिंत."

"आणि भिंतीच्या पलीकडे?"

"पलीकडे काय असणार? आपलंच आवार. मग दगडांचा गडगा. त्याच्या पलीकडे रामूचं घर."

"इकडे काहीच नको?"

"बाजूच्या भिंतीला काय पाहिजे आणखी? फळी मारून देईन, डबे ठेव."

दर्शना बरं म्हणाली आणि वर निघून गेली. तिचं ते 'बरं' दत्तारामला त्या वेळी साधं वाटलं होतं. आता काळा चष्मा लावून रिकामं बसल्यावर त्याला त्यातही काहीतरी लपवल्याचा वास यायला लागला.

रिकामा माणूस कान देऊन बसतो. दत्तारामच्या खोलीच्या डाव्या भिंतीपलीकडे आयव्ही राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा टेरेन्स दुबईला, आणि आयव्ही एकटी, शिलाई मशीनवर लग्नाचे गाऊन आणि शाळेचे युनिफॉर्म शिवणारी. तिचं आणि दर्शनाचं सगळं बोलणं त्या भिंतीतून चालायचं. दुपारचा चहा टाकला की आयव्ही तिकडून कशाने तरी टकटक करायची, दर्शना इकडून लाटण्याने उत्तर द्यायची आणि पदराला हात पुसत निघायची. लग्न होऊन आल्यापासूनचा हा रिवाज. दत्ताराम पाळीवर असायचा, त्यामुळे त्याला त्यातलं फारसं काही ठाऊक नव्हतं.

आता मात्र रोज दुपारी तो भिंतीला पाठ लावून बसू लागला. पलीकडे मशीन चालू व्हायचं. मग दोघींचं बोलणं. मग आयव्हीचं हसणं, घशातून येणारं. तो खोकला की मशीन बंद. पुन्हा गप्प राहिला की पुन्हा चालू. एकदा त्याने स्पष्ट ऐकलं, आयव्ही म्हणत होती, "तू गेल्यावर मी काय करू सांग," आणि दर्शना काहीतरी हळू बोलली, ते त्याला ऐकू आलं नाही. मग मशीन पुन्हा सुरू झालं.

"काय चाललेलं असतं रोज तिकडे?" संध्याकाळी त्याने विचारलं.

"चहा."

"दोन दोन तास चहा?"

"गप्पा पण."

"मशीन कोण चालवतं?"

"आयव्हीचं मशीन, आयव्ही चालवते. तुम्ही डोळ्यात औषध घातलंत का?"

दर्शना बोलत होती आणि श्वास जपून घेत होती. गिरणीच्या दारावर असं कुणी दिसलं की दत्तारामला बरं वाटायचं, आपलं डोकं चालतंय म्हणून. आता वाटलं, आपलं चुकत असेल तर किती बरं होईल.

त्यात मेघनाचा फोन आला. मेघना त्यांची मुलगी, शीवला राहणारी, बँकेत. तिने डोळ्याची चौकशी केली, औषधांची केली, आणि मग म्हणाली, "बाबा, एक विचारू? आईला विचारलंत का तुम्ही?"

"काय विचारायचं?"

"ती येतेय का गावाला ते."

"त्यात विचारायचं काय? मी जाणार म्हणजे ती येणार."

"तेच म्हणतेय मी. विचारलं नाहीत ना?"

"तुला काय बोललीय ती?"

"काही नाही हो. तुम्ही सारखी उलटतपासणी करू नका ना. विचारा फक्त."

म्हणजे हिलाही ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं आणि मालक तेवढा काळा चष्मा लावून बसला होता. त्या रात्री जेवताना त्याने दर्शनाकडे बघितलं. ती आमटी वाढत होती, नेहमीसारखी, आधी त्याला मग स्वतःला. ही येणार नाही, त्याने मनाशी म्हटलं. ही आयव्हीबरोबर शिवणकाम धरणार, नाहीतर मेघनाकडे शीवला जाऊन राहणार, आणि मला सांगणार, तुम्ही व्हा पुढे, मी येते मागून. स्वतः एकटा त्या पडवीत बसलेला त्याला दिसला. विचारायचं धाडस मात्र झालं नाही. विचारलं आणि ती नाही म्हणाली तर? त्यापेक्षा पुरावा शोधावा, ते काम त्याला येत होतं.

राग निघाला तो रामूवर. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने फोन लावला.

"रामू, खरां सांग. त्या भिंतीत जागा कशाक सोडलंस?"

"दादा, तू डोळ्याक आराम दी. मी सगळां बरोबर करतंय."

"तुका आखून दिलंय तसां बांध म्हणान सांगितलेलंय. बाजूक भोक कोणी सांगितल्यान? चिरे खय गेले? तुझ्या गोठ्याक लावलंस?"

रामू अगदी हळू बोलला. "दादा, माझो गोठो पत्र्याचो आसा. तू इलंस तेव्हा बघलंस. तू माका चोर म्हणतंस?"

"मी इचारतंय."

"तू इचारीत नाय. तुझी ती जुनी सवय आसा, हात वर कर म्हणूची. करतंय बाबा हात वर. तुझां घर तू बांध. आणि माका कशाक इचारतंस? घरात इचार."

फोन बंद झाला. ह्या वेळी रेंजचं नाव नाही. दत्ताराम फोन हातात धरून तसाच बसला. एकाच फटक्यात भाऊ गेला आणि घरही गेलं. कौलं चढायच्या आधी पाऊस आला तर उघड्या भिंतींचं काय होतं ते त्याला माहीत होतं. तरी त्याच्या डोक्यात रामूचे शेवटचे दोन शब्दच फिरत राहिले. घरात इचार.

दुपारी भिंतीवर टकटक झाली, दर्शनाने लाटण्याने उत्तर दिलं आणि ती गेली. दत्तारामने दार लोटून घेतलं आणि झडती सुरू केली. आधी कपाट. मग तिची पर्स, तीत कंगवा, विक्सची डबी आणि सिद्धिविनायकाचा अंगारा. मग खाटेखालची ट्रंक. चादरींच्या खाली, अगदी तळाला, जुन्या साडीत बांधलेलं एक बोचकं होतं. गाठ सुटायला वेळ लागला. आत कापड होतं, फिकट निळं, बारीक फुलांचं, कापून, दुमडून, वरून नाडी ओवायला शिवण घातलेलं. पडदे.

त्याने ते खाटेवर मांडले. पुढच्या खिडकीचा एक. मोरीवरच्या खिडकीचा एक, तो तोकडा. आणि मग आणखी एक. घराला खिडक्या दोन, आणि पडदे तीन. हे कुठल्या घराचे पडदे? मेघनाच्या घरी सरकत्या काचा होत्या, तिथे पडदे चालतच नाहीत. आयव्हीकडे एकच खिडकी. तो पडद्यांकडे बघत उभा राहिला आणि त्याला काहीच उलगडेना.

"पुरे झाली झडती?" दारातून आवाज आला.

दर्शना उभी होती. हातात आयव्हीकडची चहाची कपबशी, त्याच्यासाठी झाकून आणलेली. दत्तारामचा हात पडद्यावरच राहिला.

"हे कुणाचे?" त्याने विचारलं.

"आपले."

"आपल्या घराला दोन खिडक्या आहेत."

"बाजूलाही आहे. मी रामूभावजींना सांगून ठेवून घेतली. तुम्हाला सांगू नका म्हणून मीच म्हटलं. उगाच तोंड टाकलंत त्यांच्यावर. सकाळी त्यांचा फोन आलेला मला, रडवेले झालेले."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. दत्ताराम खाटेच्या कडेवर बसला. "म्हणजे तू येणार आहेस?"

दर्शनाने कपबशी खाली ठेवली. "येणार नसते तर पडदे कशाला शिवून घेतले असते?"

"मला वाटलं, तू..."

"तुम्हाला काय वाटलं ते मला दिसत होतं की. भिंतीला कान लावून बसत होतात. पण तोंडाने एकदा तरी विचारलंत? मेघना म्हणाली, बाबा विचारतील. मी वाट बघत बसले. तुम्ही विचारलं नाहीत, तुम्ही ट्रंक उघडलीत."

दत्ताराम खाटेवरचा पडदा दुमडायला लागला. दुमडता दुमडता तो म्हणाला, "पण बाजूला खिडकी कशाला? बाजूला कुणी खिडकी ठेवतं का?"

दर्शना त्याच्याकडे बघत राहिली आणि मग ती खरंच हसली. हसता हसता डोळे पुसले. "अहो, सगळं जग ठेवतं. फक्त चाळीत ठेवत नाहीत."

"म्हणजे?"

"ह्या भिंतीला खिडकी का नाय? कारण पलीकडे आयव्ही आहे. त्या भिंतीला का नाय? पलीकडे सावंत. तिकडे पलीकडे कोण आहे? एका बाजूला माड आणि वारा, दुसऱ्या बाजूला आवार ओलांडून रामूभावजी. चहूकडे मोकळं रान, आणि तुम्ही त्याला दोन बाजूंनी बूच मारलंत. रामूभावजी म्हणाले, वैनी, दादान घर आखल्यान की आगपेटी?"

दत्तारामने डावीकडे बघितलं. भिंतीवर कालनिर्णय, त्याच्या खाली खुंटी, खुंटीला पिशवी. उजवीकडे बघितलं. देवांची फळी, आईवडिलांचा फोटो. साठ वर्षं तो ह्या दोन भिंतींच्या मधे झोपला, उठला, आणि बाजूची भिंत म्हणजे दुसऱ्याचं घर, तिला हात लावायचा नसतो, हे त्याला कधी कुणी शिकवावं लागलं नव्हतं. खडू घेऊन चौकात ओणवा झाला तेव्हा हात आपोआप तसाच फिरला. रामूने नाही, गवंड्याने नाही, ह्या खोलीने त्याला फसवलं होतं.

"हात्तिच्या," तो म्हणाला.

"मी सांगितलं होतं तुम्हाला. खडूच्या घरात उभं राहून विचारलं होतं, इकडे काहीच नको का? तुम्ही म्हणालात, फळी मारतो."

"उजेड हवा म्हणून सरळ सांगायचं होतंस."

"उजेडासाठी नाय." दर्शना भिंतीपाशी गेली आणि तिने तळवा भिंतीवर ठेवला. चुना तिथे काळा पडला होता, लाटणं लागून लागून. "मेघनाच्या वेळेला मला कळा सुरू झाल्या तेव्हा तुम्ही पाळीवर होतात. मला उठवत नव्हतं. मी इथे ठोकलं. आयव्ही पिठाच्या हातांनी धावत आली. सासूबाई गेल्या तेव्हा पण पहिल्यांदा मी इथेच ठोकलं. ह्या भिंतीच्या पलीकडे माणूस आहे हे धरून मी सगळी वर्षं काढली. आता तिकडे मी ठोकलं तर कोण येणार? मी तुमच्याबरोबर येतेय. पण भिंतीला लागून कुणी नाय, हे निदान मला दिसू दे. नायतर मी सवयीने ठोकत बसेन आणि वाट बघत बसेन."

भिंतीपलीकडे मशीन बंद होतं. आयव्ही ऐकत असणार, दत्तारामच्या मनात आलं, आणि पहिल्यांदाच त्याला त्याचं काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते बायकोचं. इतकी वर्षं तो गावच्या घराचं बोलत आला आणि त्या घरात जाण्यासाठी हिला काय सोडावं लागणार, ते त्याला ह्या घटकेपर्यंत ठाऊक नव्हतं.

गार झालेला चहा त्याने एका दमात प्यायला आणि गॅलरीत जाऊन फोन लावला. बराच वेळ घंटी वाजली.

"बोल," रामू म्हणाला.

"ती खिडकी. तुझ्या घराच्या बाजूक सोडलंस ती."

"बुजवूची?"

"बुजवू नको. दुसऱ्या बाजूकय एक ठेव. माडांच्या बाजूक."

"ती पण ठेवलेली आसा," रामू म्हणाला. "वैनीन तेव्हाच सांगल्यान. तुका एकच दिसली."

"माझो एकच डोळो चालता सध्या."

रामू हसला. ह्याहून जास्त माफी मागणं दत्तारामला जमलं नसतं आणि रामूनेही ती मागून घेतली नाही. "गवंडी परत येतलो काय रे?" दत्तारामने विचारलं.

"गेलो खय होतो? हयच आसा. पान खाता."

डोळा बरा झाला. कौलं चढली. घरभरणीचा दिवस ठरला आणि टेम्पोही ठरला. खोली बंद करून किल्ली मेघनाकडे द्यायची होती, चाळीचं काय व्हायचं ते होईल तेव्हा होईल. सगळं बांधून झालं, फक्त चौथा पडदा आयव्हीकडे राहिला होता. आधी तिने सांगितलं, तसला दोरा मिळत नाय. मग सांगितलं, मशीनचा पट्टा तुटला. दत्तारामला भिंतीतून ते मशीन रोज धडधडताना ऐकू यायचं, दुसऱ्या कुणाचे तरी युनिफॉर्म शिवताना. पण दर्शनाकडे तो ह्याबद्दल अवाक्षर बोलला नाही.

निघायच्या दिवशी दुपारी टेम्पो चौकात लागला. सामान गेलं, दर्शनाही भरल्या डोळ्यांनी आयव्हीच्या घरातून निघून खाली जाऊन बसली. दत्ताराम शेवटचं बघायला वर आला तेव्हा आयव्ही तिच्या दारात उभी होती, हातात बोचकं.

"दर्शनाला दे. ती हितनं गेली, मला द्यायचं सुचलंच नाय. पडदा हाय. आणि थोडं काय काय."

काय काय म्हणजे काय, हे दत्तारामच्या ओठांवर आलं होतं. बोचकं हाताला जड लागत होतं, पडद्यापेक्षा बरंच जड. त्याने गाठीला हात लावला नाही. "खाली चल ना," तो म्हणाला.

"नको रे. गुडघे दुखतात."

कालच ती चर्चला जाऊन आली होती, तिन्ही जिने चढून. "बरोबर आहे, आराम कर," तो म्हणाला. आयव्हीने मान हलवली आणि दार लावून घेतलं.

खोलीत आता काहीच नव्हतं. भिंतीवर देवांच्या फळीचा आणि फोटोचा पांढरा चौकोन राहिला होता. मोरीचा नळ नीट बंद आहे ना ते त्याने बघितलं, मागची खिडकी लावली, बोचकं उचललं. तेवढ्यात डाव्या भिंतीतून टकटक झाली. चहाची वेळ होती. खोलीत पावलं वाजली म्हणून तिला वाटलं असेल, दर्शनाच वर आलीय, किंवा काहीच वाटलं नसेल, हात सवयीने गेला असेल.

लाटणं खाली टेम्पोत, पिंपात, पातेल्यांच्या मधे होतं. दत्ताराम भिंतीपाशी गेला. चुना जिथे काळा पडला होता तिथे त्याने बोटांच्या पेरांनी वाजवलं, दर्शना वाजवायची तसं. मग तो उभा राहून ऐकत राहिला. पलीकडून काही आलं नाही. हात वेगळा होता, तिला कळलं असणार.

खाली दर्शना टेम्पोत पुढे बसली होती. त्याने बोचकं तिच्या मांडीवर ठेवलं. तिने गाठीवर हात ठेवला आणि वर गॅलरीकडे बघितलं. गॅलरीत बाबुराव होता, आणखी दोघंचौघं होती.

"कुलूप नीट लावलंत?" तिने विचारलं. "ओढून बघितलंत?"

"हो," दत्ताराम म्हणाला. त्याने ओढून बघितलं नव्हतं.